पाठीवरचा आकडा जागा सोडतो तेव्हा

प्रश्न असा आहे: खेळाडूंच्या जर्सीवरच्या नंबरांशी जोडलेले, खेळाच्या इतिहासात कायमचे लक्षात राहिलेले प्रसंग कोणते? आणि साध्या आकड्याला एवढं वजन आलं कुठून?

पेलेचा १०, जॉर्डनचा २३, ग्रेट्झकीचा ९९, धोनीचा ७ ही यादी कुणीही बसल्या बसल्या म्हणून दाखवेल. पण ती यादी म्हणजे प्रसंग नव्हेत. माझं कामच नंबर वाचण्याचं आहे. समालोचकाच्या शेजारी दुर्बीण आणि टीमशीट घेऊन बसायचं, चेंडू कुणाकडे गेला ते त्याच्या कानापर्यंत पोचवायचं. गेली अठ्ठावीस वर्षं हेच करतोय. त्यातून माझं एक मत बनलं आहे. नंबर ज्याच्या त्याच्या पाठीवर नीट असतो तेव्हा तो कुणाच्या लक्षातही येत नाही. तो हरवला, चुकला, फाडला गेला, दुसऱ्याच्याच पाठीवर दिसला, की मग तो प्रसंग पन्नास वर्षं सांगितला जातो. खाली जे सांगतोय ते सगळं याच चाळणीतून आलेलं आहे. त्यामुळे तुमचा आवडता नंबर त्यात नसेल तर रागावू नका.

मुळात नंबर खेळाडूसाठी आलेच नाहीत. ते आले बघणाऱ्यासाठी आणि लिहिणाऱ्यासाठी. इंग्लंडच्या फुटबॉल लीगमध्ये २५ ऑगस्ट १९२८ रोजी आर्सेनल आणि चेल्सी आपापल्या सामन्यांत पाठीवर आकडे लावून उतरले. १९३३च्या एफए कप अंतिम सामन्यात एव्हर्टनला १ ते ११ आणि मँचेस्टर सिटीला १२ ते २२ असे सलग नंबर दिले होते, म्हणजे मैदानात एकही आकडा दोनदा नाही. नंबर वाचणाऱ्याच्या दृष्टीने याहून सोयीची पद्धत अजून कुणाला सुचलेली नाही! बेसबॉलमध्ये न्यूयॉर्क यांकीजने १९२९ साली फलंदाजीच्या क्रमाने नंबर वाटले. बेब रूथ तिसरा यायचा म्हणून ३, त्याच्या मागून येणारा लू गेहरिग ४. रूथचा ३ आज देवघरातल्या वस्तूसारखा जपला जातो, पण त्या दिवशी त्याचा अर्थ ‘तिसरा’ एवढाच होता.

अमेरिकेतल्या कॉलेज बास्केटबॉलमध्ये अगदी अलीकडेपर्यंत नंबरात ६, ७, ८, ९ हे अंक चालत नसत. फाउल झाला की पंच बोटांनी खेळाडूचा नंबर टेबलाकडे दाखवतो, आणि एका हाताला बोटं पाचच. नियम कसे बनतात ते यावरून कळावं.

आता चुकीच्या नंबराकडे येतो, कारण त्यातला मी अनुभवी माणूस आहे. सुरुवातीच्या वर्षांत एका फुटबॉल सामन्यात पावसाने मैदानाचा चिखल झाला होता. गोल झाला, गोल करणारा चिखलात घसरत गेला, उठला तेव्हा पाठीवर मला ८ दिसला. मी चिठ्ठी सरकवली, लाउडस्पीकरवर आठ नंबरवाल्याचं नाव घुमलं. मैदानातला तो मुलगा थबकला, आमच्या खोलीकडे तोंड करून उभा राहिला आणि मग सावकाश वळून त्याने पाठ दाखवली. दोन्ही हातांनी जर्सी ताणून धरली होती. तो ३ होता. त्याची उघडी बाजू चिखलाने भरून निघाली होती, एवढंच. प्रेक्षक हसले, माझे कान तापले. तेव्हापासून मी ३, ६, ८ आणि ९ एकदा नंबरावरून आणि एकदा बुटांवरून असे दोनदा ओळखतो.

म्हणूनच २२ जून २००६चा स्टुटगार्टचा सामना आठवला की मला हसू येत नाही. विश्वचषकात क्रोएशिया विरुद्ध ऑस्ट्रेलिया. पंच इंग्लंडचे ग्रॅहम पोल, अनुभवी आणि नावाजलेले. क्रोएशियाचा बचावपटू योसिप शिमुनिच याला ६१व्या मिनिटाला पिवळं कार्ड मिळालं. ९०व्या मिनिटाला दुसरं मिळालं आणि तो मैदानातच राहिला. दोन पिवळ्यांचं एक लाल हे शाळकरी पोरालाही माहीत असतं, पण पोल यांनी लाल काढलंच नाही. शेवटच्या शिट्टीनंतर तिसरं पिवळं दाखवलं तेव्हा कुठे लाल बाहेर आलं. घडलं होतं असं की शिमुनिचचा नंबर ३, आणि ऑस्ट्रेलियाच्या क्रेग मूरचाही ३. पोल यांनी दुसरं कार्ड आपल्या वहीत ऑस्ट्रेलियाच्या रकान्यात, ३ नंबरासमोर लिहिलं. शिमुनिच जन्माने कॅनबेराचा, त्याचं इंग्रजी ऑस्ट्रेलियन वळणाचं. तो हुज्जत घालायला लागला तो त्या बोलीत, आणि पंचाच्या डोक्यात रकाना बदलला. पोल यांनी त्यानंतर आंतरराष्ट्रीय स्पर्धांना रामराम ठोकला. आकडा बरोबर वाचला होता, माणूस चुकला होता. १९३३ची १ ते २२ पद्धत असती तर हा घोटाळा झालाच नसता, हे मी प्रत्येक तरुण स्कोअररला ऐकवतो आणि तो कंटाळतो.

नंबर चुकीचा असल्यामुळे एखाद्याचं भलंही होऊ शकतं. रोम, १० सप्टेंबर १९६०, ऑलिंपिक मॅरेथॉन. शर्यत संध्याकाळी सुरू झालेली, शेवटचा टप्पा अंधारात, रस्त्याच्या कडेला मशाली धरलेले सैनिक. इथिओपियाचा आबेबे बिकिला अनवाणी धावतोय, छातीवर ११. त्याला आधीच सांगून ठेवलं होतं की खरा धोका मोरोक्कोच्या र्‍हादीचा, त्याचा नंबर २६, त्याच्यावर नजर ठेव. पण र्‍हादी मॅरेथॉनच्या नंबराऐवजी दहा हजार मीटरच्या शर्यतीतलाच १८५ लावून धावायला उतरला. आता दृश्य डोळ्यांसमोर आणा. बिकिला २६ शोधतोय. बाजूला कोणी एक १८५ त्याच्या पावलाला पाऊल लावून धावतोय, किलोमीटरमागून किलोमीटर. बिकिलाला वाटतंय २६ पुढे निघून गेलाय, त्याला गाठायला हवं. असं करत त्याने वेग कायम ठेवला. शेवटच्या टप्प्यात, इटलीने इथिओपियातून उचलून आणलेल्या अक्सुमच्या स्तंभाजवळून जाताना, त्याने १८५ला मागे टाकलं आणि कॉन्स्टंटाइनच्या कमानीखाली २ तास १५ मिनिटं १६.२ सेकंदांत शर्यत संपवली. तो विश्वविक्रम होता. ज्याला तो शोधत होता तो त्याच्या मागे पंचवीसेक सेकंदांनी आला. बिकिलाच्या अनवाणी पायांवर ढीगभर लिहिलं गेलं आहे. मला मात्र त्या रात्रीचा खरा नायक १८५ वाटतो, म्हणजे आकडा, माणूस नव्हे.

नंबर नसणं म्हणजे काय, हे बोस्टन मॅरेथॉनने शिकवलं. १९६६ साली बॉबी गिब हिने प्रवेश मागितला, बाई म्हणून नाकारला गेला. ती सुरुवातीच्या रेषेजवळच्या झुडपांत लपली आणि धावपटूंच्या लोंढ्यात मिसळून गेली. पूर्ण अंतर धावली. पण छातीवर नंबर नाही, म्हणजे नोंदीत ती नाहीच. पुढच्या वर्षी, १९ एप्रिल १९६७ रोजी, २० वर्षांच्या कॅथरीन स्वित्झरने अर्जावर ‘के. व्ही. स्वित्झर’ असं लिहिलं, रीतसर पैसे भरले आणि तिला रीतसर नंबर मिळाला: २६१. हवा गारठवणारी, गारांचा मारा, म्हणून अंगात जाड सदरा आणि ट्रॅकची पँट. सुरुवातीला कुणाच्या फारसं लक्षातही आलं नाही. मग पत्रकारांच्या गाडीतल्यांनी तिला पाहिलं, आरडाओरडा सुरू झाला आणि संयोजकांपैकी जॉक सेंपल धावत मागून आला. तो तिला नुसतं थांबवत नव्हता, तिच्या नंबरावर झडप घालत होता. ‘माझ्या शर्यतीतून चालती हो आणि ते नंबर इकडे दे’, असं ओरडत होता. तिच्यासोबत धावणाऱ्या तिच्या मित्राने, जो हातोडाफेकपटू होता, सेंपलला खांद्याने असा काही दणका दिला की तो बाजूला भिरकावला गेला. पत्रकारांच्या गाडीतून हे सगळं टिपलं जात होतं.

त्या फोटोंमध्ये माझं लक्ष नेहमी सेंपलच्या हातांकडे जातं. त्याला नेमकं ठाऊक होतं काय फाडायचं ते. नंबर गेला की धावणारी बाई पुन्हा ‘रस्त्यावरून जाणारी कोणीतरी’ होणार होती, आदल्या वर्षीच्या गिबसारखी. गिब त्या दिवशीही नंबराविना धावत होती आणि स्वित्झरच्या तासभर आधी पोचली, हे लोक विसरतात. बोस्टनने बायकांना अधिकृत प्रवेश दिला तो १९७२ साली. स्वित्झर २०१७ मध्ये, वयाच्या सत्तराव्या वर्षी, तोच २६१ लावून पुन्हा बोस्टनमध्ये धावली आणि त्यानंतर संयोजकांनी तो नंबर कायमचा बाजूला ठेवला. ज्या स्पर्धेने ओरबाडायला हात घातला तिनेच तो सन्मानाने निवृत्त केला. हिशेब पूर्ण व्हायला ५० वर्षं लागली.

यानंतर ज्या प्रसंगाकडे वळतो तो माझ्या मते सगळ्यांत मोठा. २४ जून १९९५, जोहान्सबर्गचं एलिस पार्क, रग्बी विश्वचषकाचा अंतिम सामना, दक्षिण आफ्रिका विरुद्ध न्यूझीलंड. रग्बीत नंबर माणसाचा नसतो, जागेचा असतो. १ ते १५, प्रत्येक आकड्याला ठरलेलं काम. बहुतेक देशांत ६ म्हणजे एका बाजूचा फ्लँकर आणि ७ म्हणजे दुसऱ्या बाजूचा, पण दक्षिण आफ्रिकेत हे दोन उलटे. हा बारकावा मला काम करताना भलत्या वेळी कळला होता, असो. तर दक्षिण आफ्रिकेचा ६ होता कर्णधार फ्रांस्वा पिनार. स्प्रिंगबॉक म्हणजे दक्षिण आफ्रिकेचा रग्बी संघ, आणि त्याची हिरवी जर्सी ही तिथल्या काळ्या जनतेला वर्णद्वेषी राजवटीची खूण वाटायची. विरोधी संघ जिंकावा म्हणून ते टाळ्या वाजवायचे.

सामन्याआधी राष्ट्राध्यक्ष नेल्सन मंडेला ड्रेसिंग रूममध्ये आले, अंगात तीच हिरवी जर्सी. खेळाडूंना शुभेच्छा दिल्या आणि जायला वळले. वळले तेव्हा पाठीवरचा ६ दिसला. पिनारने हे पुढे अनेकदा सांगितलं आहे: ते वळले आणि पाठीवर माझा नंबर होता. राष्ट्रगीताच्या वेळी आपल्याला गाताच आलं नाही, असंही तो सांगतो. मैदानात मंडेला आले तेव्हा बहुतांशी गोऱ्या प्रेक्षकांनी भरलेल्या स्टेडियममधून ‘नेल्सन, नेल्सन’चा घोष सुरू झाला. जादा वेळेत दक्षिण आफ्रिकेच्या जोएल स्ट्रान्स्कीच्या ड्रॉप गोलने १५-१२ असा निकाल लागला आणि करंडक एका ६ नंबरवाल्याने दुसऱ्या ६ नंबरवाल्याच्या हातात दिला.

आता यामागे दुसरा एक आकडा ठेवून पाहा. रॉबेन बेटावरच्या तुरुंगात मंडेला हे ४६६/६४ होते. १९६४ सालचा ४६६वा कैदी. त्या राजवटीने या माणसाचं नाव पुसून त्याला आकडा दिला होता. त्याच माणसाने स्वतःहून एक आकडा अंगावर चढवला, आणि तोही त्या संघाचा, ज्याची जर्सी ही त्या राजवटीची शान होती. खेळातल्या नंबराचा एवढा नेमका वापर राजकारणात मी दुसरा पाहिलेला नाही. भाषण करून हे साधलं नसतं. पाठ वळवून साधलं.

एवढं जड झाल्यावर जरा हलकं. डच फुटबॉलपटू योहान क्रायफचा १४ कुठून आला? अपघाताने. ३० ऑक्टोबर १९७० रोजी आयाक्सचा सामना होता, क्रायफ दुखापतीतून परतत होता. सहकारी खेरी म्युरेनला त्याची ७ नंबरची जर्सी सापडेना. क्रायफने आपली ९ त्याला दिली आणि ढिगातून एक उचलली, ती निघाली १४. मूळ अकराजणांनी १ ते ११ मध्येच खेळायचं तो काळ होता, १४ म्हणजे राखीव खेळाडूचा नंबर. पुढे १९७४च्या विश्वचषकात डच संघाने आडनावांच्या वर्णक्रमाने नंबर वाटले. त्यामुळे १ नंबर रुड खेल्स या आघाडीच्या खेळाडूला गेला आणि गोलरक्षक यान योंगब्लूट ८ लावून उभा राहिला. क्रायफला मात्र वर्णक्रम लागू नव्हता, त्याचा १४ कायम. त्या डच संघाचे सामने नंबर वाचून सांगणाऱ्यांचे काय हाल झाले असतील, याची कल्पना मी करू शकतो. जिथे खेळाडूच जागा बदलत फिरतात तिथे नंबरही बदललेले!

गमतीचे नमुने आणखीही आहेत. १९ ऑगस्ट १९५१ रोजी सेंट लुइस ब्राउन्स या बेसबॉल संघाच्या मालकाने ३ फूट ७ इंच उंचीचा एडी गेडेल फलंदाजीला पाठवला, पाठीवर नंबर ‘१/८’. गोलंदाजाला एवढ्या लहान माणसापुढे नेम साधेना, चार चेंडूंत गेडेल पहिल्या बेसवर. इंटर मिलान या फुटबॉल संघात १९९८ साली बाज्जोने १० घेतला, म्हणून आधी १० घालणाऱ्या ब्राझीलच्या रोनाल्डोकडे ९ गेला आणि ९ नंबरवाला इव्हान झामोरानो उघडा पडला. त्याने १८ घेतला आणि मधे अधिकचं चिन्ह टाकलं: १+८. हट्ट असावा तर असा.

मायकेल जॉर्डनवर मात्र थांबावं लागेल, कारण त्याच्या बाबतीत नंबर दोनदा हरवला आणि दोन्ही वेळा गाव तेच, ऑर्लँडो. १४ फेब्रुवारी १९९०. सामन्याआधी कुणीतरी त्याची २३ नंबरची जर्सी चोरली. शिकागो बुल्सकडे एकच जादा जर्सी होती, १२ नंबरची, मागे नाव नसलेली. त्यातच तो खेळला. ४९ गुण केले, जादा वेळेत संघ हरला.

दुसरी वेळ जास्त बोलकी आहे. मोठा भाऊ ४५ घालायचा म्हणून शाळेत जॉर्डनने त्याच्या निम्म्याच्या आसपासचा २३ निवडला होता. १९९३ साली तो निवृत्त झाला, बेसबॉल खेळायला गेला, तिथे ४५ घातला. इकडे बुल्सने २३ समारंभपूर्वक छताला टांगला. मार्च १९९५मध्ये तो परत आला तो ४५ घालूनच. टांगलेला उतरवायचा कसा? ७ मे रोजी ऑर्लँडो मॅजिकविरुद्ध प्लेऑफच्या मालिकेतला पहिला सामना होता. शेवटची काही सेकंदं, बुल्स एका गुणाने पुढे, चेंडू जॉर्डनच्या हातात. मागून निक अँडरसन आला आणि त्याने चेंडू टोलवून काढून घेतला. मॅजिक ९४-९१ने जिंकले. सामन्यानंतर अँडरसन म्हणाला की २३ जसा उसळायचा तसा ४५ उसळत नाही.

हे बोलणं त्याला महागात पडायचं ते पडलंच. पुढच्या सामन्यात जॉर्डन मैदानात उतरला तो २३ घालून, कुणाचीही परवानगी न घेता. ३८ गुण, बुल्स विजयी. मोसमाच्या मधेच नंबर बदलल्याबद्दल लीगने संघाला दंड ठोकला. मालिका अखेर मॅजिकनेच जिंकली, हे सांगायला चाहते विसरतात, मी विसरत नाही. पण माझ्या दृष्टीने खरी गोष्ट वेगळीच आहे. शरीर तेच, वय तेच, तीन दिवसांचा फरक. तरी त्याला स्वतःलाच वाटलं की ४५ हा दुसरा कोणीतरी आहे. त्या दिवशीच्या टेबलावरच्या स्कोअररला मात्र शीट हाताने दुरुस्त करावी लागली असणार, त्याचं कौतुक कुणी केलं नाही.

मॅराडोनाच्या १० नंबराचंही एक असंच, जवळून पाहण्याजोगं. २२ जून १९८६, मेक्सिको सिटी, इंग्लंडविरुद्धचा उपांत्यपूर्व सामना, ‘देवाचा हात’ आणि शतकातला गोल दोन्ही ज्यात झाले तो. अर्जेंटिनाची निळी जर्सी दुपारच्या उन्हात फार जड वाटली म्हणून सामन्याच्या तोंडावर मेक्सिकोतल्याच दुकानातून हलक्या जर्सी विकत आणल्या. नंबर लावायचे तर तेही घाईत, आणि मिळाले ते अमेरिकन फुटबॉलच्या धाटणीचे चंदेरी आकडे, इस्त्रीने चिकटवलेले. जगातल्या सर्वांत गाजलेल्या १० नंबराची हकिकत अशी बाजारातल्या घाईची आहे. ती जर्सी सामन्यानंतर इंग्लंडच्या स्टीव्ह हॉजने बदलून घेतली. २०२२मध्ये तिचा लिलाव झाला तेव्हा ७१ लाख पौंड आले.

नंबर निवृत्त करण्याच्या प्रथेबद्दल माझी मतं जरा तिखट आहेत. ही प्रथा सुरू झाली ती दुःखातून. टोरंटोचा आइस हॉकीपटू एस बेली डिसेंबर १९३३मध्ये बर्फावर आपटला, बोस्टनच्या एडी शोरच्या धडकेने. कवटी फुटली, जीव वाचला, खेळ संपला. १४ फेब्रुवारी १९३४ रोजी त्याच्या मदतीसाठी सामना झाला. बेली बर्फावर आला, शोर समोर आला आणि दोघांनी हात मिळवले. बेलीचा ६ निवृत्त झाला, नॅशनल हॉकी लीगमधला असा पहिला नंबर. पुढचं मला जास्त आवडतं. १९६८ साली बेलीने स्वतःच सांगितलं की माझा ६ रॉन एलिस या पोराला द्या, त्याचा खेळ मला आवडतो. आणि एलिस ६ घालून खेळला. नंबर छताला टांगून ठेवण्यापेक्षा हातानं दुसऱ्याच्या पाठीवर ठेवणं मला मोठं वाटतं.

अर्जेंटिनाने २००२च्या विश्वचषकासाठी मॅराडोनाचा १० रिकामा ठेवायचा प्रयत्न केला, फिफाने १ ते २३ भरलेच पाहिजेत म्हणून नकार दिला आणि तो आरिएल ओर्तेगाने घातला. क्रिकेटमध्ये ३१ ऑगस्ट २०१७ रोजी शार्दूल ठाकूर कोलंबोत एकदिवसीय पदार्पणात १० घालून उतरला आणि तेंडुलकरच्या चाहत्यांनी समाजमाध्यमांवर त्याला धारेवर धरलं. पोराचा गुन्हा काय, तर कपाटातला एक आकडा घातला. पुढे तो ५४ घालू लागला आणि १० कुणी मागेनासं झालं. डिसेंबर २०२३मध्ये धोनीचा ७ही बाजूला ठेवल्याची बातमी आली. एकदिवसीय विश्वचषकात जर्सीवर नंबर आले तेच मुळी १९९९ साली. कसोटीत तर १ ऑगस्ट २०१९ला एजबॅस्टनवर. एवढ्या लवकर आकडे संपवायला लागलो तर पुढच्यांना तीन आकडी नंबर द्यावे लागतील. गेलने ३३३ घालून तेही करून दाखवलंय म्हणा, पण तो त्याच्या त्रिशतकाचा आकडा होता.

आता शेवटचा प्रकार, ज्यात नंबर जर्सीवरून निघून दुसरीकडेच उगवतो. फिओरेंटिनाचा कर्णधार दाविदे अस्तोरी ४ मार्च २०१८ला झोपेतच गेला. त्याचा नंबर १३. आठवड्याने घरच्या मैदानावर सामना, १३व्या मिनिटाला खेळ थांबला. त्या सामन्यातला एकमेव गोल केला व्हिटोर ह्युगोने, त्याचा नंबर ३१. उलटा वाचला तर तेरा. कुणी कथेत लिहिलं असतं तर मी खोडलं असतं. २०२१च्या युरो स्पर्धेत डेन्मार्कचा १० नंबर क्रिस्टियन एरिक्सन मैदानात कोसळला, वाचला. पुढच्या सामन्यात दहाव्या मिनिटाला बेल्जियमच्या खेळाडूंनी चेंडू बाहेर टोलवला आणि दोन्ही संघ टाळ्या वाजवत उभे राहिले.

फिलिप ह्यूजचे आकडे तीन. २५ नोव्हेंबर २०१४ रोजी सिडनीत बाउन्सर लागला तेव्हा तो ६३ वर नाबाद होता, दोन दिवसांनी गेला. त्याचा एकदिवसीय ६४ नंबर ऑस्ट्रेलियाने बाजूला ठेवला. तिसरा आकडा ४०८, त्याच्या कसोटी टोपीचा. टोपीचा क्रमांक पदार्पणाच्या क्रमाने मिळतो, जर्सीच्या नंबरासारखा तो दुसऱ्याला देता येत नाही, परत घेता येत नाही. ९ डिसेंबरला ॲडलेडला भारताविरुद्ध कसोटी सुरू झाली तेव्हा मैदानाच्या गवतावर मोठा ४०८ रंगवलेला होता. वॉर्नर ६३ वर पोचला, त्याने आकाशाकडे पाहून बॅट उंचावली. स्मिथने शतक पूर्ण केलं आणि चालत त्या रंगवलेल्या आकड्यापाशी गेला. ६३ धावांना कुणी बॅट उंचावत नाही. त्या दिवशी मैदानातल्या प्रत्येकाला ती का उंचावली हे माहीत होतं.

बास्केटबॉलपटू कोबी ब्रायंटचे दोन नंबर, ८ आणि २४. ८ घालून ८१ गुणांचा सामना, २४ घालून शेवटच्या सामन्यात ६०. दोन्ही त्याच्या संघाने, लेकर्सने, निवृत्त केले. २६ जानेवारी २०२० रोजी हेलिकॉप्टर अपघातात तो गेल्याची बातमी आली, त्याच दिवशी सॅन अँटोनिओत सामना होता. टोरंटोने चेंडू घेतला आणि कुणी हललंच नाही. बास्केटबॉलमध्ये २४ सेकंदांत बास्केटकडे चेंडू टाकावा लागतो. घड्याळ शून्यावर आलं, भोंगा वाजला, चेंडू दुसऱ्या संघाकडे. त्यांनीही तेच केलं. दुसऱ्या शहरात ट्रे यंग नेहमीच्या ११ऐवजी ८ घालून आला आणि आठ सेकंदं अर्ध्या मैदानापलीकडे गेलाच नाही, तोही नियमभंग. स्कोअरशीटवर या नोंदी आजही ‘नियमभंग’ म्हणूनच आहेत. त्यांच्यासाठी दुसरा रकाना नाही.

माझ्या पेशाची खरी परीक्षा मात्र दरवर्षी १५ एप्रिलला असते. १९४७ साली त्या दिवशी जॅकी रॉबिन्सन ब्रुकलिन डॉजर्सकडून ४२ घालून उतरला आणि मेजर लीग बेसबॉलमधली गोऱ्या-काळ्यांची भिंत पडली. ५० वर्षांनी ४२ सगळ्या संघांसाठी मिळून निवृत्त झाला. ज्यांच्याकडे तो आधीपासून होता त्यांना ठेवू दिला, त्यातला शेवटचा मारियानो रिव्हेरा २०१३पर्यंत. २००७ साली केन ग्रिफी ज्युनियरने त्या एका दिवसासाठी ४२ घालायची परवानगी मागितली, बघता बघता बाकीचेही मागू लागले आणि २००९पासून सगळेच घालतात. पिचर ४२, फलंदाज ४२, बेसवर धावणारा ४२, झेल घेणारा ४२. नंबर वाचून नाव सांगणाऱ्याने त्या दिवशी काय करायचं? चालण्याची ढब बघायची, बॅट खांद्यावर कशी धरतो ते बघायचं, मोजे किती वर ओढलेत ते बघायचं. पहिल्यांदा अशा सामन्याला बसलो तेव्हा माझ्या शीटवर नंबरांच्या रकान्यात वरपासून खालपर्यंत तोच एक आकडा लिहिला होता. तिसऱ्या डावात मी तो रकाना झाकून ठेवला आणि दुर्बीण उचलली.